पाऊण इंच

सेलूच्या स्टेशन रोडला, पत्र्याखाली,
सत्तावीस वर्षं मी माणसं मोजतोय.
छाती, कंबर, सीट, मांडी, मोहरी.
तातेराव ड्रायव्हरचा उजवा खांदा उतरलेला,
डहाळे मास्तर एका पायावर भार टाकून उभे,
नवरदेवांचं तर विचारूच नका.
बोललो नाही कधी कुणाला.
वहीत एक बारकी खूण करायची,
एका खांद्यात भरण जास्त,
पट्टा एका बाजूनं अर्धा पेर वर,
की गिऱ्हाईक आरशात सरळ.
वाकडेपण झाकणं, हाच धंदा.

माझं कुणी मोजलं नाही.

जूनमध्ये, दोन शाळांचे गणवेश अंगावर असताना,
पायंडलवरून पाय उचलला
आणि कमरेतून एक तार निघाली,
सीटमधून, मांडीच्या मागून, पोटरीतून
थेट करंगळीपर्यंत,
जशी कुणी कच्ची टीप
एका झटक्यात उसवावी.

पोटरीला तेल. पोटरीला शेक. पोटरीला पट्टा.
मानवतच्या वैद्यांनी नाव सांगितलं, गृध्रसी.
चाल गिधाडासारखी होते म्हणे.
काजं करता करता अंगद हसला,
मग माझ्याकडं बघून हसायचा थांबला.

परभणीला, सरकारी दवाखान्यात,
निलोफर मॅडमनी पोटरीला हातही लावला नाही.
उताणं झोपवून सरळ पाय वर नेला, हळूहळू,
अर्ध्यावर जायच्या आत मी ओरडलो.
"ही शीर बोटाएवढी जाड असते काका.
मणक्यातून निघते.
दबते वर, ओरडते खाली."

आणि मला माझीच मशीन आठवली.
कापडाखाली गुंता झाला
की नवशिका बॉबिन काढून बसतो,
पुसतो, फुंकतो, परत घालतो.
अंगदला किती टपल्या मारल्या त्यावरून,
अरे, गुंता खाली दिसतो,
चूक वरच्या दोऱ्यात असते.
वरनं ओवून ये.

"बसता कसे? बसून दाखवा."
बसलो.
एक पाय पुढं, दुसरा स्टुलाखाली दुमडलेला,
मान सुईत, पाठीची कमान,
आणि मागच्या खिशात उधारीची वही.
"ते काय?"
काढून दिली. दोन बोटं जाड.
सत्तावीस वर्षं मी
लोकांच्या उधारीवर
एका अंगानं बसलो होतो.

आता वही खिळ्याला लटकते.
स्टुलाच्या पायांना लाकडी ठोकळे,
गुडघे कमरेच्या जरा खाली राहावेत म्हणून.
दोन्ही पावलं पायंडलवर, शेजारी शेजारी,
पहिलीतल्या पोरांसारखी.
कमरेमागं उरल्या गणवेशांची गुंडाळी,
खाकी, निळी, थोडी चेक्सची.
कात्री मागं राहिली तर बसल्या जागी पिळत नाही,
उठून घेतो.
एक पँट झाली की दारापर्यंत जायचं,
कमरेवर हात ठेवून मागं वाकायचं.
समोरचा पानवाला ओरडतो,
"उस्ताद, आभाळ बघायलाव का?"
हो बाबा, माप घ्यायलोय त्याचं.

रात्री कुशीवर, दोन गुडघ्यांत उशी.
बायको म्हणते, या वयात सवत आणली.

पार गेलं, असं खोटं सांगणार नाही.
एसटी खड्ड्यात आदळली की
तार अजून वाजते,
पण मांडीपर्यंतच. पोटरीत उतरत नाही.

परवा दुकान बंद करताना
अंगदच्या हातात टेप दिली.
म्हटलं, माझे खांदे घे.
त्यानं घेतले. परत एकदा घेतले.
बोलला काहीच नाही,
वही ओढून एक बारकी खूण केली,
मीच शिकवलेली.
"आकडा सांग."
"पाऊण इंच. डावा खाली."
टेप गुंडाळत, खाली बघत म्हणाला,
"भरण घालू का शर्टात?"

नको, म्हटलं.
राहू दे तसाच.
दिसू दे मला.